रिकाम्या खोलीत बोललेलं

ॲव्हरिल डिरीनला बोलायचा कंटाळा आहे असं सिग्नेट गावातले लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. दुकानात गेली की हव्या त्या पावाकडे बोट दाखवून मोकळी. कुणी हवापाण्याच्या गप्पा काढल्या तर "हं" म्हणायची, आणि त्या "हं"मध्ये समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. उलट तिचा थोरला भाऊ लीथ. देवानं दोघांना वाटून द्यायचं बोलणं एकट्या लीथच्या पदरात टाकलं होतं. आख्ख्या हुऑन खोऱ्यात लाकूडतोडीची शर्यत कुठंही असो, फळीवर उभा राहून आकडे पुकारायला लीथच हवा.

आता हे आकडे पुकारणं म्हणजे नुसतं एक-दोन-तीन म्हणणं नव्हे. आमच्याकडे शर्यतीत सगळे कुऱ्हाडवाले एकदम सुरू करत नाहीत. नवशिक्या तीनला घाव घालतो, मुरलेला वीसला, आणि ज्याच्या मनगटाची सगळ्या बेटावर ख्याती आहे तो बिचारा तिसाव्या आकड्यापर्यंत कुऱ्हाड खाली टेकवून गप उभा. पुकारणाऱ्याचा आवाज एवढासा जरी रेंगाळला तरी कुणाचं तरी वर्ष वाया जातं. लीथचा आवाज कधी रेंगाळला नाही. आकड्यांच्या मधल्या फटीत तो टोमणेही मारायचा. "सतरा... बायको बघतेय रे, अठरा... पोट आत घे, एकोणीस..." लोक शर्यत बघायला यायचे की ह्याला ऐकायला, हे शर्यत भरवणाऱ्यांनासुद्धा सांगता आलं नसतं.

ॲव्हरिल लहान असताना बापाची सफरचंदाची बाग होती. विलायतेनं आमची सफरचंदं घ्यायची बंद केली तेव्हा बापानं झाडांना साखळ्या लावल्या आणि ट्रॅक्टरनं एकेक ओढून काढलं. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. डिरीनांच्या घरात जिवाला लागलेली गोष्ट कधी बोलली जात नसे. लीथ एवढा बडबड्या, पण ती सगळी बडबड बाहेरच्या गोष्टींची. ॲव्हरिल होबार्टला गेली, टंकलेखनाच्या नोकरीतून कॉम्प्युटरकडे वळली, आणि बोटींसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिनं उभं आयुष्य काढलं. समुद्राचा तळ मोजणारी यंत्रं जे सांगतात ते पडद्यावर खिडक्या उघडून नीट दाखवायचं, असलं तिचं काम. लग्न केलं नाही. लीथची बायको क्वीन्सलँडला निघून गेली तेव्हा त्याची पोर टॅन्सी चार वर्षांची होती. ॲव्हरिल दर शुक्रवारी गाडी काढून यायची, पोरीचे केस विंचरायची, सोमवारी पहाटे परत जायची. टॅन्सीला सायकलची साखळी बसवायला शिकवली ती आत्यानंच.

पुढं टॅन्सी डिझेल इंजिनांची मेकॅनिक झाली आणि तिला अंटार्क्टिकावरच्या तळावर हिवाळा काढायची नोकरी मिळाली. हिवाळा काढायचा म्हणजे शेवटचं जहाज परतलं की मधे येणं नाही, जाणं नाही. समुद्र गोठतो. नेमकं त्याच वर्षी लीथची जीभ जड व्हायला लागली.

डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंचा रोग आहे, आधी जीभ जाईल, मग हात, मग श्वास. लीथनं पोरीला सांगितलं, दाढेचं दुखणं आहे. टॅन्सी काय दुधखुळी होती? धक्क्यावर तिनं बापाचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "बाबा, खरं सांग, मी जाऊ का?" लीथ म्हणाला, "चल नीघ. तुझ्यावाचून इथं काय अडलंय?" जहाज सुटलं. परतताना गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि ॲव्हरिलनं त्याच्याकडे बघितलं नाही. मग तिनं होबार्टचं घर बंद केलं आणि ती सिग्नेटला राहायला आली.

आवाज जायच्या आधी तिनं त्याला स्वयंपाकघरात मायक्रोफोनसमोर बसवून वाक्यं वाचायला लावली. त्या तुकड्यांवरून कॉम्प्युटर पुढं त्याच्याच आवाजात काहीही बोलू शकणार होता.

"ही वाक्यं कुणी लिहिली गं?" लीथ वैतागायचा. जीभ अडखळायची तरी वैताग शाबूत. "निळ्या नावेत पिवळी बदकं! माणूस मरायला टेकलाय आणि ही त्याला बदकं दाखवतेय."

"वाच मुकाट्यानं."

"बदकं बुडाली तरी चालतील का?"

"लीथ!"

जुन्या शर्यतींच्या कॅसेटीही तिनं मिळवल्या. तोपर्यंत लीथची जीभ आणि हात दोन्ही गेले होते, आणि हॉस्पिटलनं एक तयार यंत्र दिलं होतं; पडद्यावरच्या अक्षरांवर डोळा टेकवत गेलं की ते शब्द बोलायचं. त्यातून भलताच एक साहेबी आवाज यायचा. ॲव्हरिलनं विचारलं, "हा कोण बाबा?" लीथनं डोळ्यांनी एकेक अक्षर लावून उत्तर दिलं: "लंडनचा बँक मॅनेजर. माझ्या नरड्यात राहायला आलाय. जायचं नावच घेत नाही."

"थांब, हाकलते त्याला," ॲव्हरिल म्हणाली.

तिनं प्रोग्राम केला तो असा. पडद्यावर एक खिडकी. ती खिडकी म्हणजे मुख्य प्रोग्राम, घरातली कर्ती बाई म्हणा. तिच्या हाताखाली दोन पोटचे प्रोग्राम. एक लीथचे डोळे कुठल्या अक्षरावर टेकलेत ते बघून शब्द जुळवायचा, दुसरा ते शब्द लीथच्या आवाजात बोलायचा. पहिल्यानं जुळवलेलं वाक्य आधी कर्तीच्या हाती यायचं. ती ते खालच्या पांढऱ्या पट्टीवर दाखवायची, एक प्रत बाजूला जपून ठेवायची, आणि मग दुसऱ्याकडे द्यायची. ज्या दिवशी पहिल्यांदा लीथचा आवाज घरात घुमला, "चहात साखर कमी आहे," तेव्हा ॲव्हरिल मागच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ आत आली नाही.

पण ह्या हातून त्या हाती जाण्यात वेळ लागायचा. अगदी थोडा. दुसऱ्या कुणाला तो जाणवलाही नसता. लीथसारख्या माणसाचं मात्र सगळं आयुष्य वेळेवर तोंड उघडण्यात गेलेलं. एकदा नोएलीन नर्स आली होती. बाई जिभेनं सैल आणि मनानं सोनं. ती सांगत होती की नवऱ्यानं जुनाट गाडी मागं घेता घेता थेट नदीत घातली. लीथचे डोळे चमकले, अक्षरांवरून भराभर फिरले. तोवर नोएलीन गाडीवरून दुसरीकडे गेली होती. "आणि त्याच आठवड्यात आमची आई गेली बघ," ती म्हणाली, आणि तेवढ्यात लीथचा आवाज खोलीत खणखणला, "चला, सुटलात एकदाचे!"

नोएलीननं आधी यंत्राकडे बघितलं, मग तिला काय झालं ते कळलं आणि ती पोट धरून हसली. लीथ हसला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याला ते पुसता येईना. त्यानंतर दोन दिवस तो यंत्राकडे बघायलाच तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी ॲव्हरिलनं पुठ्ठ्यावर लिहिलेली अक्षरं समोर धरली, त्यावर त्यानं डोळ्यांनी लावलं: "उशिरा बोलण्यापेक्षा मुका बरा. आणि ती पांढरी पट्टी काढ. डोळा तिकडे जातो, भलतंच अक्षर लागतं."

ॲव्हरिलनं बसून ते काम केलं. तिच्या धंद्यात ह्यावर एक सोपा उपाय असतो. दोन्ही पोटचे प्रोग्राम सुरू करायच्या आधी सांगून टाकायचं की पहिल्याचं बोलणं थेट दुसऱ्याच्या कानात जाऊ दे. एक ओळ, बस्स. मग कर्ती बाई मधे येत नाही, वेळ लागत नाही. अर्थात तिच्या कानावरही काही पडत नाही. म्हणजे ती दाखवणार काय आणि जपून ठेवणार काय? ॲव्हरिलला हे पक्कं ठाऊक होतं. पट्टी तर काढायचीच होती. जपून ठेवायचं काम आता आवाजवाल्याला नेमून द्यायला हवं, ते उद्या करू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी यंत्र लावलं. लीथचं बोलणं थेट तोंडातून यावं तसं लगेच आलं. "अरे वा," तो म्हणाला, "बाई कामाची आहे." तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि शिंपल्यांचं सारण भरलेल्या दोन पेस्ट्र्या भट्टीत टाकल्या, एक स्वतःला, एक नोएलीनला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीथच्या छातीत पाणी झालं. ॲम्ब्युलन्स आली. होबार्टच्या हॉस्पिटलात तो जगतो की जातो असं चाललं होतं. तो घरी परतला तेव्हा जून, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा, आला होता, त्याच्या पोटात अन्नाची नळी होती, आणि ॲव्हरिलच्या डोक्यात औषधांच्या वेळा, नळीची सफाई, कूस बदलणं ह्याखेरीज काही मावत नव्हतं. ते उद्याचं काम राहिलं ते राहिलंच. राहिलंय हेही ती विसरली.

घरी आल्यावर काही दिवसांनी लीथ म्हणाला, "रोज दुपारी मला एकट्याला सोडा. दार लावून घ्या."

"कशाला?"

"टॅन्सीशी बोलायचंय."

"मग फोन लावून देते की."

"नको. ती फोनवर आली की आम्ही जनरेटरवर बोलतो." खरंच होतं ते. रोगाचं आणि यंत्राचं टॅन्सीला एव्हाना कळलं होतं, तरी बाप विचारायचा जनरेटर कसा आहे, लेक विचारायची आपला संघ जिंकला का, आणि मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे. "मी गेल्यावर तिला ऐकव," लीथ म्हणाला, आणि डोळे पुन्हा अक्षरांवर फिरले. "हे आत राहतं ना सगळं?"

ॲव्हरिल तेव्हा नळी धुवत होती. हात साबणाचे. तिनं मान वरही केली नाही. "राहतं रे," ती म्हणाली, "सगळं राहतं. जातंय कुठं?"

तेव्हापासून रोज दुपारी ती त्याची खुर्ची खिडकीशी लावायची, दार ओढून घ्यायची आणि परसात लाकडं फोडायला जायची. भिंतीतून लीथचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर. कधी लांबलचक, कधी थांबत थांबत. एकदा तो आवाज बराच वेळ एकसारखा चालला होता आणि तिला वाटलं जवळ जावं. पण दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायचं नाही हे तिच्या हाडात भिनलेलं. उलट ती आणखी लांब, निलगिरीच्या झाडापाशी गेली. नोएलीन दुपारची आली तर तिलाही ती परसातच थांबवायची. "आत नको जाऊस, बापलेकीचं चाललंय," म्हणायची. दोघी पायरीवर चहा पीत बसायच्या. नोएलीनला बोलल्यावाचून करमत नसे, पण त्या वेळी तीसुद्धा गप्प राही.

ऑगस्टमध्ये लीथ गेला. झोपेतच गेला. ॲव्हरिलनं तळावर फोन लावला, तळाच्या प्रमुखानं टॅन्सीला बोलावून आणलं. पोरीनं ऐकलं. ॲव्हरिलला धीर देणं जन्मात कधी जमलं नव्हतं. त्या वेळी तिच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते तिनं देऊन टाकलं. "टॅन्सी, ऐक. तुझ्यासाठी बोलून ठेवलंय त्यानं. रोज दुपारी बोलायचा. पुष्कळ आहे."

"माझ्यासाठी? जनरेटरचं?"

"नाही गं. तुझ्यासाठी."

टॅन्सी मग रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "आत्या, पाठवू नकोस आत्ता. इथं पातळ भिंतीपलीकडे माणसं आहेत. मी घरी येऊन ऐकेन. त्याच्या खुर्चीत बसून."

दफनाच्या दुसऱ्या दिवशी ॲव्हरिलनं कॉम्प्युटर उघडला. ऐकायला नव्हे, नुसतं आहे ना जागेवर एवढं बघायला. जपून ठेवलेलं शेवटचं वाक्य होतं, "चला, सुटलात एकदाचे!" त्यापुढं कोरं.

तिला शोधाशोध करावी लागली नाही. कुठल्या ओळीनं हे केलं ते तिला त्याच क्षणी कळलं. तरी तिनं ती ओळ उघडून वाचली. चूक कुठंच नव्हती. ओळीनं सांगितलेलं काम इमानानं केलं होतं. नंतर आठवडाभर तिनं यंत्राचा कोपरा न् कोपरा उपसला, कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना गाठलं. एकानं हळूच सांगितलं, "ॲव्ही, जे कधी लिहिलंच गेलं नाही ते सापडणार कुठून?" हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं! बापलेकीचं ते सगळं बोलणं त्या खोलीत मोठ्यानं बोललं गेलं होतं, भिंती सोडून ऐकायला कुणी नव्हतं, आणि ऐकू शकली असती ती एकटी शहाणपणानं लांब जाऊन लाकडं फोडत बसली होती. त्या दिवशी तिनं कुऱ्हाड उचलली आणि ओढ्यात फेकून दिली.

टॅन्सी दर रविवारी फोन करायची. आवाज हळूहळू सावरत होता. "आत्या, इथं इतका अंधार आहे ना, पण मला वाटतं, आपलं घरी काहीतरी आहे. किती आहे गं? तास दोन तास?" आणि ॲव्हरिल म्हणायची, "येशील तेव्हा बघ." दर रविवारी सांगायचं ठरवून ती फोन उचलायची आणि दर रविवारी न सांगताच ठेवायची. तिथं बर्फात, बापावाचून, पोर कशावर तग धरून आहे हे तिला दिसत होतं. ते कसं काढून घ्यायचं?

मग एके सकाळी तिनं दुसरंच केलं. आवाजवाला प्रोग्राम तर होताच. तिनं लिहिलं, "टॅन्सी बाळा," आणि कळ दाबली. लीथचा आवाज तसं म्हणाला. पण लीथ जन्मात कधी बाळा म्हणाला नव्हता. तिनं ते खोडून लिहिलं, "काय गं टॅन्स," आणि खोलीत लीथ बोलला. हुबेहूब. शेवट किंचित वर ओढायची त्याची खोड, सगळं. ॲव्हरिलनं कान झाकून घेतले, आणि थोड्या वेळानं पुढचं वाक्य लिहिलं.

ह्यात तिचे कितीतरी दिवस गेले. लीथला ती जन्मापासून ओळखत होती. तो काय म्हणाला असता, कुठं चेष्टा केली असती, कुठं थांबला असता, तिला ठाऊक होतं. तिनं त्याच्याकडून बोलवून घेतलं की तू गेलीस ते मला आवडलं होतं. धक्क्यावर तोडून बोललो कारण आणखी एक शब्द बोललो असतो तर तुला जाऊ दिलं नसतं. तुझी आई गेल्यावर रात्री तू माझा सदरा धरून झोपायचीस. लिहिता लिहिता ती स्वतः रडायची. ज्या घरात कधी कुणी काही बोललं नाही तिथलं सगळं बोलणं ह्या अबोल बाईनं लिहिलं, आणि मेलेल्या भावाच्या तोंडी घातलं. तयार झालं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

नोव्हेंबरात जहाज आलं. टॅन्सी वाळली होती, ओठ फुटले होते. धक्क्यावर तिनं आत्याला मिठी मारली ती सोडेचना. वाटेत खोऱ्यात सफरचंदं मोहरलेली होती, ती काच खाली करून वास घेत राहिली. घरी आली, बूट काढले, आणि थेट जाऊन लीथच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

"लाव," ती म्हणाली.

ॲव्हरिल उभीच होती. "टॅन्सी, काही नाहीये."

"म्हणजे?"

"तो बोलला. रोज बोलला. पण ते राहिलं नाही. माझ्या हातून." आणि तिनं सगळं सांगितलं, ती ओळ, ते उद्यावर टाकलेलं काम, साबणाचे हात. एवढं सलग ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

टॅन्सी ऐकत होती. "त्यानं तुला विचारलं होतं? राहतं का म्हणून?"

"विचारलं होतं."

"आणि तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले."

"आणि काय बोलला ते तू एकदाही ऐकलं नाहीस? एक शब्दही?"

"नाही गं."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. टॅन्सी पडद्याकडे बघत होती. "त्याचा आवाज तर आहे अजून त्यात," ती म्हणाली. "तू काहीही लिहून लावलं असतंस तरी मला समजलं नसतं."

"लिहिलं होतं," ॲव्हरिल म्हणाली. "सगळं तयार होतं. आज सकाळी पुसलं."

"पुसलंस?"

"खोटं होतं ते, टॅन्सी. माझं होतं. त्याचं नव्हतं."

टॅन्सीनं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. तिच्या तोंडून जे आलं ते लहानपणी आत्याची शुक्रवारची गाडी उशिरा आली की यायचं त्याच रडक्या आवाजात आलं.

"द्यायचं होतंस ना गं, आत्या. मला काय कळणार होतं? द्यायचं होतंस."